न उगवलेला दात : दंतरोपणाची योग्य वेळ आणि वैद्याचे कर्तव्य

मुखरोगांचा विचार करताना सुश्रुताचार्यांनी एकूण ६५ व्याधी सांगितले आहेत. त्यांपैकी १५ दंतमूलगत आणि ८ दंतगत होत. नेहमीच्या संख्येहून अधिक येणाऱ्या दातालाही तेथे स्थान आहे. 'वर्धन' या नावाने त्याचे लक्षण दिले आहे आणि असा अधिक दात काढून त्या जागी अग्निकर्म करावे, असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. मात्र जो दात मुळात आलाच नाही, त्याला या गणनेत स्वतंत्र नाव नाही. संहिताकारांच्या पाहण्यात असे रुग्ण आले नसतील, असे आम्हांस वाटत नाही. औषधाने अथवा शस्त्राने ज्यावर काहीच करता येत नव्हते, त्याची नोंद व्याधींच्या यादीत झाली नाही, इतकेच.

ज्या गोष्टीला नाव नाही तिच्याकडे लक्षही जात नाही, हा आमच्या व्यवसायातील नित्याचा अनुभव आहे. अमरावतीस आणि आठवड्यातून एक दिवस अकोल्यास रुग्ण पाहताना नऊ-दहा वर्षांची मुले सर्दी, जंत, अग्निमांद्य अशा कारणांनी येतात. जीभ पाहण्यासाठी तोंड उघडावयास सांगितले की एखाद्या मुलाच्या राजदंताशेजारी मोकळी जागा दिसते. विचारले असता आई सांगते, "दुधाचा तं कवाच पडला, पक्का येऊनच नाही राह्यला." यावर 'थांबा, येईल' असे म्हणून प्रवाळाचा एखादा कल्प लिहून देण्याची आपल्याकडे रीत आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत ती चुकीची ठरत नाही, कारण दात खरोखरच उशिरा येतो. परंतु काही मुलांच्या हिरडीखाली दाताचा अंकुरच नसतो, आणि त्यांच्या बाबतीत 'थांबा' या शब्दाचा अर्थ वेगळा होतो.

अक्कलदाढा वगळल्या तर एखादा तरी कायमचा दात जन्मतः नसण्याचे प्रमाण शंभरात सुमारे सहा आहे. वरच्या जबड्यातील राजदंतांच्या शेजारचा पटाशीचा दात नसणे शंभरात साधारण दोघांत आढळते. मुलींत ते किंचित अधिक असते. तालुक्याच्या गावी रोज पन्नास-साठ रुग्ण तपासणाऱ्या वैद्यासमोरून अशी मुले वर्षभर जात असतात. ती ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. वरचे मधले दोन दात सातव्या-आठव्या वर्षी, त्यांच्या शेजारचे आठव्या-नवव्या वर्षी आणि वरचे सुळे अकरा-बाराच्या सुमारास येतात. एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले आणि दुसऱ्या बाजूचा आला नाही, तर संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्यास दंतवैद्य ओपीजी म्हणतात, काढून घ्यावा. अंकुर असेल तर तो त्यात दिसतो. एका बाजूचा दात खुंटीसारखा बारीक व निमुळता आला असेल तर दुसऱ्या बाजूचा नसण्याची शंका अधिक धरावी. दहाव्या वर्षी बोटाने वरच्या हिरडीवर सुळ्याचा उंचवटा चाचपून पाहावा. शेजारचा दात नसलेल्या मुलांत सुळा वाट चुकून टाळूकडे वळण्याचा संभव जास्त असतो. आणखी एक गोष्ट: खाली पक्का दात नाही असे ठरल्यास दुधाचा दात घाईने काढू देऊ नये. तो टिकेल तितके दिवस त्या जागेचे हाड राखतो.

काश्यपसंहितेच्या दन्तजन्मिक अध्यायाची येथे आठवण होणे साहजिक आहे. दातांविषयी इतका तपशील अन्य संहितांत नाही. ३२ दातांपैकी आठ एकदाच येतात आणि उरलेले चोवीस द्विज, म्हणजे पडून पुन्हा येणारे, ही त्यातील गणना आजच्या शरीराशी काही बाबतीत जुळत नाही. परंतु वरच्या मधल्या दोहोंस राजदंत, त्यांच्या बाजूच्यांस बस्त, पुढे दंष्ट्रा आणि मग हानव्य ही नावे आजही वापरण्याजोगी आहेत. आमचा विषय बस्ताचा. त्याच अध्यायात दातांचे घडणे, उगवणे, वाढणे, पडणे, बळकट वा दुबळे असणे कशावर अवलंबून आहे, हे सांगताना जाती, निषेक, स्वभाव, मातापित्यांचे अनुकरण आणि स्वकर्म अशी पाच कारणे दिली आहेत. यांतील 'मातापित्यांचे अनुकरण' हे कारण आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. बस्त नसलेल्या मुलाबरोबर आलेल्या आईस अथवा आत्यास सहज हसावयास सांगावे. तेथेही एखादा बारीक दात किंवा बुजलेली फट दिसून येते. आधुनिक अनुवंशशास्त्राने या दोषाशी संबंधित एमएसएक्स-१, पॅक्स-९, डब्ल्यूएनटी-१०ए अशी जनुके शोधून काढली आहेत. चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव असे जे सूक्ष्म विभाजन केले आहे, त्याच्याशी ही कल्पना सहज लावून घेता येते. मात्र 'हे सर्व आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह आवरावा. संहितेत दिशा आहे, जनुक नाही.

हा मुद्दा केवळ शास्त्रचर्चेचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातून येणारे पालक मुलाच्या न आलेल्या दाताचे खापर पाण्यावर फोडतात. कोणी ग्रहणाचे नाव घेते. बहुतेक घरांत मात्र दोष आईवर येतो: गरोदरपणी तिने दूध घेतले नाही, कॅल्शियमच्या गोळ्या टाकून दिल्या. अशा मातेस सासूसमोर स्पष्ट सांगणे हे आमचे काम आहे. खाऱ्या पाण्याने दाताचा अंकुर नाहीसा होत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे आढळणाऱ्या फ्लोराइडच्या अतिरेकाने आलेल्या दातावर डाग पडतात, खड्डे पडतात, पण तो दात असतो. अगदी लहानपणी कर्करोगासाठी रसायनोपचार अथवा किरणोपचार झाले असतील तर दात घडत नाहीत, हे खरे. पण अशी मुले थोडी. एरवी एक-दोन दात नसणे ही घराण्यातून आलेली गोष्ट असते आणि गोळ्या खाल्ल्या वा न खाल्ल्या, तिच्यात फरक पडत नाही.

घराण्याचा विषय निघाला म्हणून सिंधमधील एका कुटुंबाची नोंद सांगतो. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी व वनस्पतींतील भेदांवरील ग्रंथाच्या १८७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती दिली आहे. त्या हिंदू कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असे झाले की ज्यांना दोन्ही जबड्यांत मिळून चार लहान, दुबळे पटाशीचे दात आणि आठ दाढा एवढेच होते. त्यांच्या अंगावर केस विरळ, टक्कल लवकर पडे आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्यांना फार त्रास होई. मुलींना हा दोष दिसत नसे, पण त्यांच्या मुलग्यांत तो उतरे. पुढे १९२१ साली थदानी यांनी 'जर्नल ऑफ हेरेडिटी' या नियतकालिकात सिंधमधील अशा दंतहीन पुरुषांविषयी लिहिले. आज या व्याधीस एक्टोडर्मल डिस्प्लेसिया म्हणतात आणि तिच्यास कारणीभूत जनुक १९९६ मध्ये सापडले.

शार्ङ्गधराने उपधातू सांगताना मेदाचा स्वेद, अस्थीचा दंत आणि मज्जेचा केश असा क्रम दिला आहे. या एका व्याधीत नेमके हेच तिघे बिघडलेले असतात. चरकाने केस, नखे व दात यांची गणना पितृज भावांत केली आहे. येथे मात्र दोष मातेकडून येतो, हेही नमूद केले पाहिजे. वऱ्हाडातील वैद्यास यातून व्यवहारात उपयोगी पडेल अशी गोष्ट एकच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर असताना तान्ह्या मुलग्यास वारंवार तीव्र ज्वर येतो, तपासण्यांत काही सापडत नाही, सावलीत व पाण्याने पुसून घेतल्यावर तो उतरतो. अशा मुलाच्या भुवया व डोक्यावरील केस पाहावेत आणि दात आलेले असल्यास ते टोकदार आहेत का पाहावे. घाम न येणाऱ्या मुलास ज्वरघ्न कल्पांनी उपयोग होत नाही, थंडाव्याने होतो. अशा मुलाचे निदान दात नसण्याच्या तक्रारीपूर्वी कित्येक वर्षे होऊ शकते आणि तेथे दातापेक्षा जीव महत्त्वाचा असतो.

आता दंतरोपणाकडे वळू. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रेनमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असताना टायटॅनियम धातूचे उपकरण हाडाशी इतके एकजीव झाले की ते काढता येईना. त्यातून हाडात टायटॅनियमचे मूळ बसवून त्यावर दात उभारण्याची पद्धती निघाली. १९६५ साली गोथेनबर्ग येथे योस्ता लार्सन या रुग्णावर ती प्रथम करण्यात आली. लार्सन यांची टाळू जन्मतः दुभंगलेली होती आणि जबड्याची घडण सदोष होती. म्हणजे या चिकित्सेचा पहिला लाभार्थी वार्धक्याने दात पडलेला नव्हता, जन्मजात व्यंगाचा होता. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर, चाळीस वर्षांहून अधिक काळ, ती रोपणे काम देत होती. अश्विनीकुमारांनी पूषाचे दात पुन्हा बसविल्याची कथा चरकाने रसायनपादात सांगितली आहे. ती वाचताना आम्हांस हल्ली लार्सन यांची आठवण येते.

पद्धती थोडक्यात अशी. ज्या जागी दात नाही तेथील हाडात नियंत्रित छिद्र करून टायटॅनियमचा स्क्रू बसवितात. तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला धरते. नंतर त्यावर जोडतुकडा व दाताची कॅप बसते. शेजारच्या निरोगी दातांना घासावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. दहा वर्षांनंतरही शंभरातील नव्वदहून अधिक रोपणे टिकून असतात.

परंतु जन्मतः नसलेल्या पुढच्या दातांच्या बाबतीत ही चिकित्सा दिसते तितकी सरळ नाही. बस्ताची जागा मुळातच अरुंद असते. साडेतीन मिलिमीटर जाडीचे रोपण बसवावयाचे तर दोन्ही बाजूंस किमान दीड-दीड मिलिमीटर हाड राहिले पाहिजे, म्हणजे साडेसहा मिलिमीटर जागा हवी. आणि ती केवळ वर दिसणाऱ्या दातांत नव्हे, हाडातील मुळांमध्येही हवी. शेजारचे दात सरकून फट बुजलेली असते, मुळे कललेली असतात. म्हणून आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावून जागा करावी लागते. जेथे दाताचा अंकुरच नव्हता तेथील हाड पुढून-मागून पातळ राहते आणि त्यात भर घालावी लागते. या भरीविषयी रुग्णांस क्वचितच कोणी सांगते. ती रुग्णाच्या स्वतःच्या हाडाची असू शकते, मानवी पेढीतील असू शकते, कृत्रिम असू शकते. आणि बाजारात प्रचलित असलेल्या काही भुकट्या गायी-बैलांच्या हाडापासून प्रक्रिया करून केलेल्या असतात. आमच्या भागातील जैन, माहेश्वरी अथवा माळकरी घराण्यातील रुग्णास हे नंतर कळले तर त्याच्या मनाची काय अवस्था होईल? पर्याय उपलब्ध आहेत. विचारणा शस्त्रकर्मापूर्वी व्हावी आणि ती वैद्याने सुचवावी.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र वयाचा आहे आणि त्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

दोन वर्षांपूर्वी अकोल्यास वीस वर्षांचा एक विद्यार्थी आमच्याकडे त्वचेच्या तक्रारीसाठी आला होता. बोलताना तो वरचा ओठ खाली ओढून धरीत असे. विचारल्यावर कळले की पंधराव्या वर्षी एका मोठ्या शहरात त्याच्या डाव्या बस्ताच्या जागी रोपण केले होते. तेव्हा ते उत्तम दिसत होते. आता तो दात शेजाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे आखूड व आत गेल्यासारखा दिसत होता आणि त्यावरील हिरडीची रेषा वर चढलेली होती. रोपण हलत नव्हते, दुखत नव्हते. अर्थाने यशस्वीच होते. वडिलांनी त्यासाठी एक बैलजोडी विकली होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्या व हाडाच्या मध्ये तंतूंचा एक पडदा असतो. मुलाचा जबडा वाढतो तसा दात त्या तंतूंच्या आधाराने खाली व पुढे सरकत राहतो. रोपणास असा पडदा नाही. ते हाडाशी एकरूप झालेले असते, सबब जेथे बसविले तेथेच राहते. तुरीच्या ओळीत रोवलेल्या खुंटासारखे: भोवतीचे पीक वाढते, खुंट तेवढाच राहतो. म्हणून वरच्या पुढील भागात रोपण करण्यापूर्वी चेहऱ्याची वाढ थांबली पाहिजे. मुलींत साधारणतः सतरा-अठरा, मुलांत वीस-एकवीस असे वय सांगितले जाते, परंतु केवळ जन्मदाखल्यावर विसंबू नये. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने डोक्याचे बाजूने काढलेले दोन एक्स-रे ताडून पाहिले आणि त्यांत फरक दिसला नाही, तर वाढ थांबली असे मानतात. प्रौढपणीही अल्पसा फरक वर्षानुवर्षे पडत राहतो. याला मान्य अपवाद एकच: एक्टोडर्मल डिस्प्लेसियामुळे ज्याच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही अशा बालकात, हनुवटीच्या पुढच्या भागात, तज्ज्ञ लवकर रोपण करतात. एक-दोन दात नसलेल्या शाळकरी मुलास तो लागू नाही.

नववीतल्या मुलास 'आता थांब' म्हणणे सोपे आहे; त्या पाच-सात वर्षांत त्याने काय करावे, हे सांगितले पाहिजे. ताराची पट्टी असलेला काढता-घालता दात हा सर्वांत स्वस्त उपाय, मात्र तो घालून मुले जेवीत नाहीत. शेजारच्या एका दाताच्या मागील बाजूस पातळ पंख चिकटवून बसविलेला दात, ज्यास मेरीलँड ब्रिज म्हणतात, हा आमच्या मते या वयासाठी अधिक सोयीचा. दात घासावा लागत नाही आणि पुढे रोपणाची वाट मोकळी राहते. काही मुलांत रोपण हा उत्तम उपाय नसतोच. सुळा पुढे सरकवून त्यास बस्ताचा आकार देता येतो आणि जागा कायमची बंद होते. आयुष्यभर कोणताही कृत्रिम दात वापरावा न लागणे, ही काही लहान गोष्ट नव्हे. यांपैकी काय निवडावे हे दहा-बाराव्या वर्षी ताराचे तज्ज्ञ आणि कृत्रिम दातांचे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते. अमरावतीस विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी येथेही आहे. अशा ठिकाणी सर्व विभाग एका छताखाली असतात. खाजगीत एका रोपणाचा खर्च दहा-दहा हजारांच्या पटीत जात असल्याने सामान्य शेतकरी कुटुंबास ही ठिकाणे प्रथम सुचवावीत.

विवाहाचा प्रश्न याच वयात उभा राहतो. दर्यापूरकडील एका घरातील सतरा वर्षांच्या मुलीसाठी स्थळ बोलणे सुरू झाले होते. तिचे दोन्ही बस्त नव्हते. घरच्यांना 'फिक्स दात' वैशाखाच्या आत हवे होते आणि दंतवैद्यांनी थांबण्यास सांगितल्यामुळे, आम्ही त्यांना समजवावे अशी अपेक्षा होती. सतराव्या वर्षी विवाह करणे कायद्याने गुन्हा आहे, हे आम्ही प्रथम सांगितले. दाताचा विषय त्यानंतर काढला. मेरीलँड पद्धतीचे दोन दात बसले, मुलीने बारावीची परीक्षा दिली आणि पुढे पदवीचे शिक्षण घेतले. मुलीकडून आम्हांस कळले ते असे की, दात बसल्यावर तिला सर्वांत आनंद वर्गात मोठ्याने वाचता आल्याचा झाला. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण आणि स यांचे उच्चार जिभेच्या टोकाच्या पुढील दातांशी होणाऱ्या संबंधावर उभे असतात. फटीतून वारा गेला की शिट्टी निघते आणि मुले हसतात. ज्यांच्या घरी असे मूल आहे ते जाणतात की हा विषय केवळ सौंदर्याचा नाही.

जुन्या लोकांच्या मनात आणखी एक भीती असते: वरच्या दाताला हात लावला तर डोळा जातो. तिचे मूळ ग्रंथात आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये, काढल्यास अतिरक्तस्राव होऊन दृष्टिनाश, अर्दित असे उपद्रव होतात, असे सुश्रुताचार्य सांगतात. बधिरीकरण, रक्तस्तंभन व जंतुनाशन नसलेल्या काळात हा सावधपणा योग्यच होता. मूळ भय रक्तातियोगाचे होते. आज ते नियंत्रणात असते, एवढे वैद्याच्या तोंडून ऐकले की आजी शांत होतात. दंतवैद्याच्या तोंडून ऐकून होत नाहीत.

शस्त्रकर्माच्या आधी व नंतर आमचे काम पुष्कळ आहे. खर्रा, गुटखा व धूम्रपान सोडविणे हे पहिले. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी खर्रा आमच्या चौकाचौकांत घोटला जातो. त्याने तोंड उघडणे कमी झालेल्या तरुणात रोपण करणे तंत्रदृष्ट्याच कठीण होते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत रोपण निकामी होण्याचे प्रमाण अधिक असते. मधुमेह आटोक्यात आणावा. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची, आपल्या कल्पांसह, लेखी यादी दंतवैद्यास द्यावी. 'आयुर्वेदिक आहे, सांगायची गरज नाही' असे रुग्णास कदापि वाटू देऊ नये. शस्त्रकर्मानंतर पहिला दिवस जोराने चुळा भरू नयेत. टाके निघेपर्यंत गंडूष, कवल, प्रतिसारण बंद. त्यानंतर त्रिफळाक्वाथाचा कोमट कवल चालतो. इरिमेदादि तेलाचा गंडूष आम्ही हिरडी पूर्ण भरून आल्यावरच देतो. आहारात पहिले काही दिवस आंबील, कण्या, मऊ भात, कढी. हुरडा, ऊस, कणीस पुढच्या दातांनी तोडणे पुढे कायमचेच टाळावे. रोपणास कीड लागत नाही, पण त्याभोवतीची हिरडी सुजते व हाड झिजते. म्हणून मऊ ब्रश हवा. मिठाची, गेरूची खरखरीत मंजने नकोत.

औषधी दुकानदार बंधूंस येथे विशेष विनंती आहे. दात येत नाही म्हणून आलेल्या पालकास लाक्षादि गुग्गुळ, हाडजोडीच्या वड्या, प्रवाळपिष्टी ही औषधे 'दात उगवण्यासाठी' म्हणून देऊ नयेत. अस्थिपोषणासाठी त्यांचे स्थान आहे, पण अंकुर नसलेल्या जागी ती दात उत्पन्न करीत नाहीत. सहा-सहा महिन्यांचे कोर्स करण्यात नेमकी नऊ ते बारा ही वर्षे निघून जातात आणि तेवढ्यात शेजारचे दात सरकून जागा बुजते. दिशाभूल करणाऱ्या औषधी जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही स्मरणात असावे. वैद्यांपुरते बोलावयाचे तर नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने दिलेली शस्त्रकर्मांची यादी शल्य व शालाक्य या विषयांतील पदव्युत्तरांसाठी आहे; आमच्यासारख्या पदवीधर वैद्यांनी तिचा आधार घेऊन दाताच्या खुर्चीजवळ जाऊ नये. आमची जागा त्याआधी आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत दोन वैद्यकीय अधिकारी आयुषचे असतात. त्यांतील अनेक या पत्रिकेचे वाचक आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीच्या वर्गात मुलांचे दात मोजण्यास प्रत्येकी अर्धा मिनिट पुरतो.

अलीकडे पालक वृत्तपत्रांतील कात्रणे घेऊन येतात. दात वाढविणारे औषध निघाले, असा त्यांतील मथळा असतो. वस्तुस्थिती अशी की दाताची वाढ रोखणाऱ्या यूसॅग-१ या प्रथिनास अटकाव करणारे एक औषध जपानमध्ये सिद्ध करण्यात आले असून सप्टेंबर २०२४ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याची मानवी चाचणी सुरू झाली. पहिला टप्पा निरोगी प्रौढ पुरुषांत, केवळ औषध सुरक्षित आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी होता. जन्मतः दात नसलेल्या लहान मुलांचा क्रम त्यानंतरचा. पालकांस आम्ही हे जसेच्या तसे सांगतो, कात्रण परत देतो, मुलाला दिव्याखाली बसवून दात मोजतो आणि आकडा तारखेसह केसपेपरवर लिहून सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतो.